कमरेचा घेर, लोकांची नजर आणि खिशाला बसणारी चाट

पिंपळपार

मंडळी, आरोग्य विमा बदलून घ्यायचा म्हणून अर्ज भरला. वजनाच्या रकान्यात खरा आकडा लिहिला, कारण खोटा लिहिला तर उद्या दावा फेटाळायला कंपनीला आयतं निमित्त. उत्तर आलं: विमा मिळेल, पण हप्ता वाढवून. मला रक्तदाब नाही, साखर नाही, आजवर ॲडमिट झाले ती फक्त बाळंतपणाला. जास्तीचा हप्ता निव्वळ वजनापोटी.

राग आला. पण मी अकाउंट्समध्ये काम करते, त्यामुळे रागापाठोपाठ हिशेबही सुरू झाला. हा एक खर्च निदान कागदावर तरी आला. बाकीचे कुठल्या खात्यावर टाकायचे? दुकानात शिरता शिरता "तुमच्या मापाचं नाही हो ताई" ऐकून शेवटी सगळं शिवूनच घ्यायचं, त्याची शिलाई. शेअर रिक्षात तिसरा माणूस तोंड वाकडं करतो म्हणून एकटीने केलेली रिक्षा. लोकलमध्ये चौथ्या सीटवर टेकायचं धाडस मी कधीच सोडलंय. ऑफिसात आकडेमोड माझी, पण क्लायंटसमोर ती मांडायला जाते दुसरीच. कारण कुणी बोलून दाखवत नाही, मीही विचारत नाही.

तर प्रश्न दोन. वजनामुळे शरीराचं नेमकं काय आणि कसं बिघडतं, हे कुणी जाणकार नीट समजावेल का? आणि शरीर सोडून बाकी किंमत तुम्ही कुठे कुठे मोजलीत? एक विनंती, जिरं-ओव्याचं पाणी, गरम पाण्यात लिंबू वगैरे सुचवू नका. ते सगळं पिऊन झालंय.

सरळ_हिशोब

पिंपळपार, राग मानू नका, पण विमा कंपनीचं काय चुकलं? धोका जास्त तर हप्ता जास्त, सिगारेट ओढणाऱ्यालाही वाढवतातच. आणि बाकी सगळं विज्ञान एका ओळीत बसतं: तोंडावर ताबा ठेवा, पाय हलवा. आमच्या आजोबांच्या काळात कुणाला थायरॉईड नव्हता, पीसीओडी नव्हता आणि कुणी जाडही नव्हतं.

तुळशीबाग_रिटर्न्स

आजोबांच्या काळात थायरॉईड 'नव्हता' कारण तपासणी नव्हती. आणि आजोबा रोज ऑफिसला जायला दोन तास बसून प्रवास करत होते का?

बाकी पिंपळपार, कपड्यांबद्दल अगदी अगदी. मोठ्या मापात गेलात की रंग तीनच उरतात, काळा, गडद निळा आणि आमसुली.

जनरल_वॉर्ड

मी फिजिशियन आहे, जिल्ह्याच्या गावी प्रॅक्टिस करतो. पहिल्या प्रश्नाचं उत्तर द्यायचा प्रयत्न करतो. लांबेल, पण इलाज नाही.

सगळ्यात आधी वजनकाटा थोडा बाजूला ठेवा. उंचीच्या मानाने वजन किती, ते सांगणारा बीएमआय तुम्हाला माहीत असेल. जागतिक आरोग्य संघटनेच्या मापाने २५ च्या वर जास्त वजन आणि ३० च्या वर लठ्ठपणा. आपल्या तज्ज्ञांनी २००९ मध्ये भारतीयांसाठी ही रेघ खाली आणली: २३ आणि २५. कारण आपलं शरीर त्याच वजनात जास्त चरबी बाळगून असतं.

हे कळण्यात पुण्याचा मोठा वाटा आहे. केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांचे इंग्लंडमधले सहकारी जॉन युडकिन या दोघांचा बीएमआय तंतोतंत सारखा, २२.३. शरीरातली चरबी मोजली तर युडकिन यांची ९.१ टक्के आणि याज्ञिकांची २१.२ टक्के! दोघांचा शेजारी शेजारी उभा राहिलेला फोटो २००४ मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात छापून आला. बघणाऱ्याला दोघेही सडपातळच वाटतात.

याचं मूळ गर्भात आहे. पुण्याजवळच्या सहा गावांत १९९३ पासून जो अभ्यास झाला, त्यात बाळांचं जन्मवजन सरासरी २.७ किलो भरलं. इंग्लंडमधल्या साउथॅम्प्टनची बाळं ३.५ किलोची. आपली बाळं हडकुळी, पण कमी पडलेलं वजन स्नायूंचं आणि इतर अवयवांचं होतं. चरबी मात्र बाळाने त्या मानाने राखून ठेवलेली. पिढ्यान्‌पिढ्या अर्धपोटी राहिलेल्या आयांची ही बाळं. पुढे त्यांना अन्न मुबलक मिळालं, हालचाल कमी झाली की मामला बिघडतो.

कसा बिघडतो? कातडीखाली साठलेली चरबी तशी फारशी उपद्रवी नसते. आपल्याकडे ही कातडीखालची कोठारं लवकर भरतात. मग चरबी यकृतात, स्वादुपिंडात, आतड्यांभोवती, स्नायूंत जाऊन बसते. तिथे साखर आवरणाऱ्या इन्सुलिनचं काम अडतं. स्वादुपिंड आणखी इन्सुलिन ओततं, काही वर्षं निभावतं, मग थकतं. रक्तदाब, ट्रायग्लिसराईड (रक्तातली चरबी), फॅटी लिव्हर ही सगळी याच टोळीतली मंडळी. गर्भाशयाचा, आतड्याचा, मूत्रपिंडाचा, पाळी गेल्यानंतर होणारा स्तनाचा असे १३ प्रकारचे कर्करोग जादा चरबीशी जोडलेले आहेत, असं आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने २०१६ मध्ये जाहीर केलं. गुडघ्यांचं गणित वेगळं, निव्वळ यंत्राचं: एक किलो वजन उतरलं की प्रत्येक पावलाला गुडघ्यावरचा सुमारे चार किलो भार हलका होतो.

२०२३ मध्ये आयसीएमआरचा, म्हणजे भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेचा, देशव्यापी अभ्यास आला. मधुमेही १० कोटींच्या पुढे. बीएमआयच्या मापाने लठ्ठ २८.६ टक्के, पोटाच्या घेराच्या मापाने ३९.५ टक्के. या दोन आकड्यांमधल्या फटीत जे लोक आहेत त्यांना कुणी 'जाड' म्हणत नाही आणि तेही स्वतःला तसं समजत नाहीत.

खडकवासला_कॅनॉल

घेर मोजायचा कसा डॉक्टर? पँटचा नंबर चालेल?

जनरल_वॉर्ड

पँटचा नंबर अजिबात नको. पोट सुटलं की पुरुष पँट पोटाखाली नेसतात आणि नंबर वर्षानुवर्षं ३४ च राहतो! शेवटची बरगडी आणि कमरेचं हाड यांच्या मधोमध, कपडा बाजूला करून, सहज श्वास सोडल्यावर टेप लावा. पोट आत ओढायचं नाही. पुरुषांना ९० सेंटिमीटर, बायकांना ८०. त्याच्या वर गेलात तर साखर, रक्तदाब, चरबी तपासून घ्या, अंगाने कितीही काटक असलात तरी.

खडकवासला_कॅनॉल

९६. आणि मला कॉलेजात काडी म्हणायचे. बायको टेप धरून हसतेय.

आमसूल_सार

डॉक्टरांचा प्रतिसाद आई-बाबांना वाचून दाखवला. आमच्याकडे हे डोळ्यांदेखत घडलंय. बाबा किडकिडीत, आई अंगाने भरलेली. ताटावर बसलं की बाबांचा ठरलेला विनोद, "हिला वाढू नका, हवेवर जगते ती." पाहुण्यांसमोर तर हमखास. आई हसायची आणि पोळी परत ठेवायची. मग ओट्यापाशी उभ्याने काय खायची ते आम्हा मुलींना माहीत होतं. मधुमेह आधी बाबांना निघाला, पाठोपाठ अँजिओप्लास्टी. तेव्हाही नातेवाईक दवाखान्यात म्हणत होते, "यांना कसं काय झालं? व्हायचं तर वहिनींना." आई शेजारीच बसली होती.

आईचं सगळं आलबेल आहे असं नाही. तिचे दोन्ही गुडघे गेलेत. पण तिने चालायला जाणं सोडलं ते गुडघे दुखायच्या कितीतरी आधी. सोसायटीतली पोरं मागून चालीची नक्कल करायची म्हणून.

रात्रपाळी

घोरणं हा आपल्याकडे थट्टेचा विषय, म्हणून लिहितो. मी इतका घोरायचो की लग्नघरी मला गच्चीवर गादी टाकून द्यायचे. सगळे हसायचे, मीही. दिवसा मात्र डोळे मिटायचे. मीटिंगमध्ये, जेवताना आणि एकदा सिग्नलला दुचाकीवर बसल्या बसल्या. साहेबांनी आळशी म्हणून शेरा मारला आणि त्या वर्षीची बढती गेली.

पुढे एका कान-नाक-घसावाल्या डॉक्टरांनी झोपेची तपासणी करायला लावली. स्लीप ॲप्निया, तोही गंभीर. गळ्याभोवतीच्या चरबीने झोपेत श्वासमार्ग मिटतो, श्वास थांबतो, प्राणवायू खाली येतो, मेंदू दचकून जागा करतो. रात्रभर हेच. आता नाकावर मशीन लावून झोपतो. पहिल्या आठवड्यातच कळलं की झोप झालेली असणं म्हणजे काय. वजन अजून फारसं उतरलेलं नाही, तरी रक्तदाबाची एक गोळी कमी झाली. ज्यांच्या घरी घोरणारा आणि दिवसा पेंगणारा माणूस आहे त्यांनी हसण्याआधी तपासणी करून घ्या.

तुळशीबाग_रिटर्न्स

आता माझंही. डॉक्टरांच्या दारातला अनुभव. जेवणानंतर उजव्या बरगडीखाली कळ यायची. दवाखान्यात गेले तर टेबलावर झोपवून पोट तपासायच्या आधीच निकाल लागला: "वजन कमी करा, सगळं बरं होईल." दुसरीकडे गेले, तेच. मग मी जाणंच बंद केलं. कशाला पैसे देऊन तेच ऐकायचं? एका रात्री उलट्या थांबेनात तेव्हा सोनोग्राफी झाली आणि पित्ताशय खड्यांनी भरलेलं निघालं. सूजही होती. साधं दुर्बिणीचं ऑपरेशन झालं असतं ते लांबलं, खर्च वाढला.

जनरल_वॉर्ड

तुमची तक्रार रास्त आहे. माझ्या व्यवसायातली ही खोड मी रोज बघतो. ओपीडीत माणशी मोजकी मिनिटं मिळतात, आणि जाड रुग्ण समोर आला की त्या मिनिटांत निदान तयारच असतं. गंमत म्हणजे पित्ताचे खडे हा लठ्ठपणाशी जोडलेलाच आजार आहे, आणि उपाशी राहून झटपट वजन उतरवलं तरी ते होतात. म्हणजे 'वजन कमी करा' एवढं सांगून घरी पाठवणं तुमच्या बाबतीत दुहेरी घातक होतं. जाड बायका अंगावर दुखणं काढतात, गर्भाशयाच्या नि स्तनांच्या तपासण्या टाळतात. तपासणीच्या टेबलावर चढताना ऐकावं लागणारं वाक्य त्यांना आधीच पाठ असतं.

सरळ_हिशोब

डॉक्टरांचा अनुभव मोठा आहे, मान्य. पण या धाग्यावर एक सूर लागतोय की जाड माणसाची काहीच जबाबदारी नाही, सगळा दोष जीन्सचा, समाजाचा आणि साहेबांचा. मी स्वतः पंचविशीत जाड होतो. पहाटे उठून पळायला लागलो, रात्रीचा भात सोडला आणि उतरवलं. तेव्हा कुणी मला समजून घेतलं नव्हतं. घेतलं असतं तर कदाचित तसाच राहिलो असतो. टोमण्याने माणूस सुधारतो कधी कधी.

जनरल_वॉर्ड

तुम्ही केलंत ते सोपं नव्हतं, अभिनंदन. पण पंचविशीतला पुरुष, पहाटेचा मोकळा वेळ आणि रात्री भाताऐवजी दुसरं काही करून देणारं घर, हे भांडवल सगळ्यांकडे नसतं. जुळ्यांवरच्या अभ्यासांतून दिसतं की माणसामाणसांच्या वजनात जो फरक असतो, त्यातला साधारण ४० ते ७० टक्के आनुवंशिकतेचा. स्टिरॉइड, काही मानसोपचाराची औषधं, खुद्द इन्सुलिन यांनीही वजन चढतं. आणि उतरवलेलं वजन शरीराला मानवत नाही. २०११ मध्ये ऑस्ट्रेलियात एक अभ्यास झाला. वजन उतरवल्यावर वर्ष लोटलं तरी भूक वाढवणारी संप्रेरकं चढीच आणि पोट भरल्याची सूचना देणारी उतरलेलीच होती. अशा माणसाला ताटावर भूक लागते ती खरीच असते. जबाबदारी आहेच, पण ती पेलताना कुणाच्या पाठीवर किती ओझं आहे तेही बघाल की नाही?

गंगावेस_नाका

नमस्कार मंडळी, कोल्लापूरचा एक मुद्दा मांडतो. आमच्याकडं अंगानं असणं हे कमीपणाचं नव्हतंच कधी. शाहू महाराजांनी तालमींना राजाश्रय दिला, १९१२ ला खासबागेचं मैदान बांधलं. पैलवान गल्लीतनं चालला की लोक वाट द्यायचे. पोरगं तालमीत घातलं म्हणजे घरच्यांनी म्हैस बांधायची, तूप, बदाम, थंडाई, मटणाचा अळणी रस्सा, असला खुराक. पण त्यासोबत पहाटे चारपासनं जोर, बैठका, लढती, संध्याकाळी परत मेहनत. खाल्लेलं सगळं मातीत जिरायचं.

अडचण पुढं येते. खांदा निखळतो, गुडघ्याची शीर तुटते, नाहीतर वय होतं. तालीम सुटती, खुराक सुटत नाही. जीभ तीच, ताट तेच, आणि माणूस दिवसभर हॉटेलच्या गल्ल्यावर नाहीतर प्लॉटिंगच्या हापिसात बसून. माझ्या ओळखीत पंचेचाळिशी-पन्नाशीतले कितीतरी जुने पैलवान शुगर, बीपी, अँजिओग्राफी करून बसलेत. तालमीत वस्ताद खायला शिकवतो, सोडायला कोण शिकवत नाही. आणि पैलवान आजारी पडतो हे सांगायलाच लाज वाटती. गोळ्या खिशात लपवून ठेवणारे बघितलेत मी.

शेतावरचं पण तसंच. बैल गेला, ट्रॅक्टर आला, पाणी पाजायची मोटार आता मोबाईलवर चालू होते. बांधापर्यंत मोटरसायकल. मालकाचं पोट सुटलंय आणि ऊस तोडायला बीडकडनं आलेल्या टोळीत एक तरी पोट सुटलेला माणूस दाखवा. जेवणाचं म्हणाल तर टोळीतली बाई पहाटे भाकरी थापून निघती ते रात्रीच दुसरा तुकडा.

जनरल_वॉर्ड

गंगावेस_नाका, त्या टोळीतल्या बाईबद्दल एक जोड देतो. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत, म्हणजे २०१९ ते २०२१ मध्ये, देशातल्या १८.७ टक्के स्त्रिया प्रमाणापेक्षा बारीक होत्या आणि २४ टक्के प्रमाणापेक्षा जाड. एकाच देशात, बऱ्याचदा एकाच तालुक्यात. त्या टोळीतल्या बाईच्या पोटी हडकुळं बाळ जन्मलं, ते शिकून पुण्यात नोकरीला लागलं आणि खुर्चीवर बसलं, की पुण्याच्या त्या सहा गावांची गोष्ट पुन्हा सुरू होते.

फळा_खडू

शाळेत शिकवते, म्हणून मुलांचं सांगते. सहावीतला एक मुलगा, चित्रकला अप्रतिम. वर्गात त्याला नावाने कुणी हाक मारायचं नाही. 'ढोल्या' म्हणजे तोच. खेळाच्या तासाला संघ निवडताना शेवटी उरायचा, मग त्याला स्कोअर लिहायला बसवायचे. याची शिक्षकांना दया वाटायची, अडचण वाटायची नाही. ज्याने सगळ्यात जास्त पळायला हवं होतं त्याला आम्हीच वर्षभर बसवून ठेवलं.

त्याची आई भेटली तेव्हा वेगळाच पेच निघाला. आजी म्हणते, पोराला बाळसं आहे, दृष्ट लावू नका. आजीच्या काळात सुदृढ बालक स्पर्धेत गुटगुटीत मूलच पहिलं यायचं, तिचं तरी काय चुकलं? आणि आई दिवसभर नोकरीवर, पोराच्या हातात रोज बिस्किटपुड्याचे पैसे. सीबीएसईने २०२५ मध्ये शाळांना साखर-फलक लावायला सांगितले, कुठल्या पेयात किती साखर ते दाखवणारे. चांगलंच आहे. पण आमच्या शाळेच्या फाटकाबाहेर पाच रुपयांत जे मिळतं त्यावर कुठला फलक लावणार?

नागपुरी_संत्रं

डाएटवर बोलू नका म्हणता, पण महाराष्ट्रात वजनाचा धागा निघावा आणि दोन वेळा जेवणाचा विषय निघू नये, हे कसं जमेल बाप्पा? आमच्या डॉ. श्रीकांत जिचकारांनी खाल्लं की इन्सुलिन वाढतं, म्हणून कमी वेळा खा, हा मुद्दा लोकांसमोर मांडला, डॉ. जगन्नाथ दीक्षितांनी तो गावोगाव नेला. माझ्या काकांची साखर आटोक्यात आली. हे मी पाहिलं आहे.

तुळशीबाग_रिटर्न्स

आणि माझ्या मावशीने गोळी चालू ठेवून एक जेवण सोडलं आणि साखर धाडकन उतरून चक्कर येऊन पडली. हेही मी पाहिलंय.

पिंपळपार

थांबा थांबा! या वादाला स्वतंत्र धागा काढा, मी पॉपकॉर्न घेऊन येते. मीठ-लोणी न लावलेले.

जनरल_वॉर्ड

पिंपळपार यांचा नियम मोडून एकच वाक्य: मधुमेहाची औषधं चालू असताना जेवणाच्या वेळा बदलायच्या असतील तर आधी डॉक्टरांशी बोला. ब्रिटनमधल्या 'डायरेक्ट' नावाच्या चाचणीत रोज सुमारे ८५० कॅलरी देऊन वजन उतरवलं. वर्षभरात जवळपास निम्म्या लोकांचा मधुमेह औषधांशिवाय आटोक्यात आला, ज्यांनी १५ किलो किंवा जास्त उतरवलं त्यांच्यात तर ८६ टक्के. पण तिथे पहिल्याच दिवशी मधुमेहाच्या आणि रक्तदाबाच्या गोळ्या बंद केल्या होत्या, देखरेखीखाली. लोक बातमीतला पहिला अर्धा भाग वाचतात.

चौथी_सीट

नोकरीचा मुद्दा मागे पडला म्हणून. २००९ मध्ये एअर इंडियाने वजनाच्या कारणावरून काही हवाई सुंदरींना कामावरून काढलं होतं, प्रकरण कोर्टातही गाजलं. तिथे निदान नियम लेखी होता. बाकी ठिकाणी तो अलिखित असतो. मी भरती विभागात काम केलंय. मुलाखतीनंतर शेरा यायचा, "एनर्जी कमी वाटते." उमेदवार हुशार, बोलायला चटपटीत. एनर्जी कशावरून मोजली ते सगळ्यांना कळायचं.

लग्नाच्या बाजारात तर लाज गुंडाळूनच ठेवलीय. साठ इंच छातीचा मुलगा 'खात्यापित्या घरचा' आणि त्याला बायको मात्र सडपातळ हवी. पीसीओएस (पीसीओडी म्हणतात तोच पाळीचा नि संप्रेरकांचा बिघाड) असलेल्या मुलीचं वजन आजारामुळे वाढतं, वजनामुळे आजार वाढतो, आणि स्थळवाले दोन्ही तिच्याच नावावर मांडतात.

सातासमुद्रापार

न्यू जर्सीहून. इथे सध्या प्रत्येक पार्टीत एकच विषय, वजन उतरवायचं इंजेक्शन. मी सेमाग्लुटाइड घेते, डॉक्टरांच्या सल्ल्याने. आयुष्यात पहिल्यांदा फ्रिजसमोरून जाताना फ्रिज मला हाक मारत नाही. डोक्यातली खाण्याची अखंड कुजबुज थांबली तेव्हा कळलं की बारीक माणसांच्या डोक्यात ती बहुधा नसतेच. मग मला आयुष्यभर 'मनावर ताबा नाही' म्हणणारे कुठल्या गोष्टीवर ताबा ठेवत होते?

पण सुरुवातीचे महिने मळमळ, बद्धकोष्ठता. आणि किमतीचं विचारू नका, ही औषधं आली तेव्हा छापील किंमत महिन्याला हजार डॉलरच्या वर होती. भारतात काय परिस्थिती?

जनरल_वॉर्ड

भारतात याच कामाचं माउंजारो मार्च २०२५ मध्ये आलं, वेगोवी (म्हणजे तुमचं सेमाग्लुटाइडच) जूनमध्ये. सेमाग्लुटाइडचं इथलं पेटंट मार्च २०२६ पर्यंतचं, त्यानंतर देशी कंपन्यांना रस्ता मोकळा. औषधं खरोखर गुणकारी आहेत: सेमाग्लुटाइडच्या मुख्य चाचणीत ६८ आठवड्यांत सरासरी १५ टक्के वजन उतरलं. औषध थांबवल्यावर वर्षभरात त्यातलं दोन-तृतीयांश परतही आलं. रक्तदाबाची गोळी सोडली की रक्तदाब परत येतो, त्यात कुणी रुग्णाला नावं ठेवत नाही. इथे मात्र ठेवतील.

मला काळजी आहे ती वेगळीच. वजनाबरोबर स्नायूही उतरतात आणि आपल्याकडे स्नायू मुळातच कमी. पुरेसं प्रथिन आणि वजनं उचलण्याचा व्यायाम नसेल तर माणूस बारीक होईल पण दुबळाही होईल. स्वादुपिंडाला सूज येऊन गेली असेल किंवा घरात थायरॉईडचा एका विशिष्ट प्रकारचा कर्करोग असेल तर ही औषधं टाळतात. पार्लरमधून, जिममधून किंवा ओळखीच्या केमिस्टकडून घेऊ नका.

विमावाला_मित्र

पिंपळपार, हप्त्याबद्दल. वजनापोटी हप्ता वाढवणं नियमात बसतं, पण वाढ का केली ते लेखी मागा आणि संमती देण्याआधी दुसऱ्या कंपनीचा प्रस्ताव घ्या. प्रत्येकाचे निकष वेगळे असतात, फरक बराच पडतो. कुणाला शस्त्रक्रियेचा विचार करायचा असेल तर विमा नियामकाने ठरवलेल्या शब्दांत अट अशी आहे: बीएमआय ४० किंवा जास्त, अथवा ३५ किंवा जास्त आणि जोडीला हृदयविकार, गंभीर स्लीप ॲप्निया किंवा आटोक्यात न येणारा टाइप २ मधुमेह यांसारखं काही. वय १८ पूर्ण, डॉक्टरांची शिफारस, आणि आधीचे साधे उपाय फसल्याची नोंद. ही नोंद महत्त्वाची. आहारतज्ज्ञांच्या चिठ्ठ्या, वजनाचे जुने कागद फेकू नका. शिवाय अनेक पॉलिसींत प्रतीक्षाकाळ असतो, तो आधी वाचा.

पिंपळपार

हे फारच उपयोगाचं. लेखी कारण आजच मागवते.

सरळ_हिशोब

सगळं वाचलं. माझं मत फारसं बदललेलं नाही, पण एक प्रश्न. माणूस बदलायचा नसेल तर बाजार बदला, कर लावा. साखरेवर, तेलावर. त्याला तरी तुमची हरकत नाही ना?

चौथी_सीट

केरळने २०१६ मध्ये ब्रँडेड रेस्टॉरंटमधल्या बर्गर-पिझ्झावर १४.५ टक्के 'फॅट टॅक्स' लावला होता. पुढच्याच वर्षी जीएसटी आला आणि तो विरला. मुळात तो पिझ्झ्यावर होता, परोठ्यावर नव्हता. आपल्याकडे लावला तर वडापाव सुटणार, खारी-बटर सुटणार आणि साबुदाण्याच्या वड्याला तर उपवासाचं संरक्षण! मेक्सिकोने २०१४ पासून गोड पेयांवर कर लावला, चिलीने २०१६ मध्ये पाकिटांवर काळे अष्टकोनी शिक्के आणले, 'साखर जास्त', 'मीठ जास्त'. मला शिक्का पटतो. पाच रुपयांच्या पुड्यावरही दिसेल, फळा_खडूंच्या फाटकाबाहेर.

गंगावेस_नाका

तेलावर कर लावला तर आमच्या मिसळीच्या कटाचं काय करायचं?

जनरल_वॉर्ड

कट वरून काढून ठेवा! विनोद सोडा, नीती आयोगाच्या २०२४ च्या अहवालात देशातला खाद्यतेलाचा वापर माणशी वर्षाला १९.७ किलो आहे. आयसीएमआरच्या शिफारशीप्रमाणे १२ पुरेत, म्हणजे माणशी महिन्याला किलोभर. घरात महिन्याचे किती डबे येतात ते माणसांनी भागून बघा. त्यात बाहेरचं खाणं धरलेलं नसेल.

खडकवासला_कॅनॉल

डॉक्टर, ९६ वाला मीच परत. तुमच्या सांगण्यावरून तपासण्या केल्या. साखर काठावर, आणि सोनोग्राफीत 'फॅटी लिव्हर ग्रेड १' लिहिलंय. लॅबवाला म्हणाला, सगळ्यांनाच असतं, सोडून द्या. दारू पीत नाही. सोडून देऊ?

जनरल_वॉर्ड

सोडून देऊ नका, घाबरूही नका. सोनोग्राफीतली ग्रेड चरबीचा अंदाज देते, यकृतात जून व्रण धरलेत का ते तिच्यावरून कळत नाही. तुमच्या डॉक्टरांना 'फिब-४' काढायला सांगा. वय, एसजीओटी, एसजीपीटी (या यकृताच्या रक्ततपासण्या) आणि प्लेटलेट या चार गोष्टींवरून ते गणित होतं, वेगळा खर्च जवळपास नाही. ते जास्त आलं तर पुढे फायब्रोस्कॅन, म्हणजे यकृत किती कडक झालंय ते मोजणारी तपासणी. वजन पाच टक्के उतरलं तरी यकृतातली चरबी कमी व्हायला लागते, सात ते दहा टक्क्यांनी सूजही. तुमचं वजन किती?

खडकवासला_कॅनॉल

६८. म्हणजे साडेतीन किलोपासून सुरुवात. एवढं चालेल?

जनरल_वॉर्ड

चालेल. आणि बायकोचा घेरही मोजा, नुसती टेप धरायला लावू नका.